बेरी

बोरीला पाणी आलं तेव्हा हिरकन सुरतेला होती,
उधन्याच्या दोन खोल्यांत, लेकीच्या बाळंतपणाला.
जाताना एवढंच म्हणाली,
साय टाकू नको. विरजण लाव.

एकतीस वर्षं अमळनेर आगारात
बॉनेट उघडायच्या आधी इंजिन ओळखलं मी.
टॅपेट वाजतंय की बेअरिंग गेलंय,
गाडी गेटातून वळली की कळायचं.
आता माझेच गुडघे वाजतात,
जिना उतरताना,
झड लागली की जास्तच.

खैरनार वैद्यीणबाईंनी नाडी धरली
खिडकीबाहेर बघत,
जसा मी चालू इंजिनवर हात ठेवून
दुसरीकडेच बघायचो.
म्हणाल्या, या दिवसांत पोटातला अग्नी
ओल्या काडीच्या चुलीसारखा,
आणि वात मोकाट सुटलेला.
पहिल्या घासाला गरम वरणावर साजूक तूप,
वर सुंठेची चिमूट.
एक चमचा, मेस्त्री. वाटी नाही.
विकतचं चालेल का, विचारलं,
तर त्या नुसत्या हसल्या.
ग्रीसचा विनोद माझ्या जिभेवर आला होता,
पण तो त्यांना रोजच कोणी ऐकवत असणार.

आठ दिवसांची साय. गारठ्यानं लोणी येईना.
रवी फिरवून फिरवून खांदा भरून आला,
मग कोमट पाण्याचा पेला ओतला
आणि ते आलं,
कापसाच्या बोंडासारखं, एकदम फुटून.
तीनदा धुतलं, पाणी नितळ येईस्तोवर.
धुताना पाहिलं,
नखांतलं काळं ऑइल
निवृत्तीच्या चौथ्या वर्षीही गेलेलं नाही.

जाड बुडाची कढई. मंद आच.
फेस चढला आणि मी घाबरलो.
इंजिन तापलं तर बंद करता येतं,
याला कुठं बंद करायचं?
फोन लावला.

हिरकन म्हणाली, फोन कढईजोडे धर.
धरला.
तडतड, तडतड.
हाऊ पाऊस का तूप?
बाहेर पत्र्यावर तीच तडतड चालू होती,
मी खिडकी लावली.
आजून पानी शे, ती म्हणाली.
बोलू नको. आयकू दे.

तीन-साडेतीनशे किलोमीटरवरून
ती माझ्या कढईचा आवाज ऐकत होती.
इतका कान देऊन
मी तरी कोणाचं ऐकलंय कधी?
घरात शिरल्यावर मला
शांतता लागायची, तिला बोलायचं असायचं.

तडतड विरळ झाली.
मग एक-एक टिचकी, लांब लांब,
आगारात शेवटची गाडी लागल्यावर
सायलेन्सर निवतो तशी.
मग काहीच नाही.
त्या काहीच-नाहीमध्ये
फोनच्या त्या टोकाला
बाळ दूध ओढत होतं, चुटुक, चुटुक,
ते मला अमळनेरात ऐकू आलं.

उतारी ले, ती म्हणाली,
नि विड्याचं पान टाक मंग.
फोन मात्र तिनंही ठेवला नाही, मीही नाही.

रात्री गाळलं. निम्मं डब्यात,
झाकणाला पीठ लावून, दोरी बांधून.
सकाळी सुरतेच्या गाडीत दिलं.
कंडक्टर ओळखीचा,
तरी दोनदा बजावलं, सरळ ठेव,
बाळंतिणीचं आहे.

आणि मी कढई घेऊन ओट्यापाशी.
तळाला बेरी, विटकरी, करपायच्या अलीकडची.
उलथन्यानं खरवडली, गूळ कुस्करला,
कालच्या कळण्याच्या भाकरीबरोबर
उभ्या-उभ्याच संपवली.
वैद्यीणबाई चमच्याचं बोलल्या होत्या.
बेरीचं काही बोलल्या नव्हत्या.