तसूभर

इनिश मान बेटावर झाडं नाहीत म्हटलं तरी चालेल.
भिंती आहेत.
चुनखडीच्या, पण चुन्याशिवाय रचलेल्या,
दगडावर दगड, मधून वारा जाईल एवढी फट ठेवून.
एका गाईपुरतं शेत, मग भिंत.
दीड गाईपुरतं शेत, मग भिंत.

माझ्या टेबलावर चोवीस इंची काच.
कंट्रोल आणि टी, सोडून एस :
काच आडवी दुभंगते.
वर समुद्रातल्या बोयांचे आकडे, दर दहा मिनिटांनी,
लाटेची उंची, पाण्याचं तापमान,
वाऱ्याची दिशा, जी दारात उभं राहिलं तरी कळते.
खाली माझा कोड.
मग मोठा एस : खालचा अर्धा उभा चिरतो
आणि उजवीकडे येतो बॉस्टनहून कोलमन,
त्याच्या स्वयंपाकघरात, अजून पहाट असलेला.

इथे खिडकीवर खिडकी चढत नाही.
कुणी कुणाच्या मागे दडत नाही.
जागा हवी तर शेजाऱ्याकडूनच घ्यायची,
त्याच्या डोळ्यांदेखत.

आर दाबला की रेष सैल होते.
बाण एकदा : दहा ठिपके.
पुन्हा : आणखी दहा.
कोलमनचा एक कान कापला जातो,
माझ्या ओळी मात्र न मोडता मावतात.
एंटर. बांध पक्का.

आजोबा आणि शेजारचा फेस्टी
हातभर गवतासाठी एकोणीस वर्षं बोलले नाहीत,
एकाच बाकावर बसून प्रार्थना म्हणत राहिले.
मी दिवसातून चाळीसदा बांध रेटते,
कोर्ट नाही, कचेरी नाही,
कुणाची गुरं कुणी कोंडत नाही.

बाबा आत आले, बोटांच्या पेरांत पांढरी भुकटी.
गाय पलीकडे न्यायची म्हणून सकाळी भिंतीला खिंडार पाडलं,
गाय नेली, दगड पुन्हा आपापल्या जागी.
आमच्याकडे फाटक नसतं.
फाटकाला लाकूड लागतं, लाकडाला झाड.
माझ्या पाठीमागे उभे राहिले. पहिल्यांदाच.
“यातून पलीकडे कसं जायचं?”
मी दाखवलं.
कोलमन डावीकडे आला, कोड उजवीकडे गेला.
“दगड न हलवता?”
“न हलवता.”
त्यांना ते काही फारसं पटलं नाही.

कोलमन म्हणाला, याही उन्हाळ्यात रजेचं जरा,
बघतो, म्हणजे, नक्की नाही.
मग म्हणाला, बाबांना सांग,
मग बाबाच दिसले त्याला, आणि काय सांग ते राहिलं.
कॉल संपला.

खिडकी गेली. चौकट राहिली.
माझं हे सॉफ्टवेअर असंच आहे जुन्या वळणाचं,
एक उठून गेला म्हणून दुसरा पाय पसरत नाही.
हिरव्या कडेच्या आत नुसतं काळं,
त्यात माझा दिवा, आणि बाबांची टोपी.

“रिकामं?”
“हो. काढून टाकू? एक बटण आहे.
कोड सगळीकडे पसरेल.”

ते काचेकडे बघत नव्हते.
घराच्या पश्चिमेला सगळ्यात धाकटं शेत आहे,
सात वर्षांत त्यात गाय सोडलेली नाही.
त्याची भिंत दर हिवाळ्यात ढासळते,
दर वसंतात उभी असते,
आणि कोण रचतं याबद्दल घरात बोलणं होत नाही.

“थोडं लहान होईल का?”

आर. बाण. दहा.
दहा.
ते वाकले, काचेवर आडवी बोटं टेकवून मोजू लागले,
पांढरे ठसे उठले, मी पुसले नाहीत.
दहा.
“बस,” म्हणाले. “एवढं राहू दे.
एक माणूस उभा राहील.”

एंटर.
वरच्या शेतात बोयाचा नवा आकडा आला :
लाट, तीन पूर्णांक दोन मीटर.
“बोट यायची नाही उद्या,” म्हणाले
आणि हात धुवायला गेले.