अभ्रक

वेंगुर्ल्यात आमच्या घरी वीज आली
तेव्हा तिला एकच दार होतं:
माजघरातल्या दिव्याचा होल्डर.
इस्त्री लावायची तर आधी बल्ब उतरवायचा,
तापलेला असला तर पदरात धरून,
आणि चिमणी पेटवायची.
विजेची इस्त्री आम्ही
रॉकेलच्या उजेडात फिरवली, पुरी तीन वर्षं.

माझे बाबा, बाबल मडवळ,
तोवर करवंट्यांच्या निखाऱ्यांवर जगलेले.
पितळी इस्त्रीचं झाकण उघडून फुंकर घालायचे.
ठिणगी कुणाच्या धोतरावर पडली
तर दोन दिवस बाजाराकडे फिरकायचे नाहीत.
नवी इस्त्री त्यांनी कानाशी धरली, मग हुंगली.
"धूर नाय, राख नाय.
आग खंय ठेवल्यानी हिच्यात?"

ती इनासनं दाखवली, दुसऱ्या पावसाळ्यानंतर,
इस्त्री गप्प झाली तेव्हा.
इनास बोटीवर वायरमन होता,
एक बोट तिथेच राहिलं.
खाऱ्या वाऱ्यानं स्क्रू धरून ठेवलेले,
त्यांना खोबरेल पाजून तो तासभर विड्या ओढत बसला.
मग तळ उघडला.
अभ्रकाच्या पानावर गुंडाळलेली चपटी तार,
एका ठिकाणी तुटलेली,
वर एक पान, खाली एक पान.
"विजेक हय वाट अरुंद," तो म्हणाला,
"रेटून जावचा लागता, म्हणान तापता.
आणि ह्या अभ्रक. ऊब जावक दिता, वीज नाय."
बाबांनी ते पान उजेडाकडे धरलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.

इस्त्रीला थांबायचं कळत नसे.
आईनं तिचं माप बसवलं:
तीन शर्ट चालू, दोन शर्ट बंद,
मामलेदारांच्या कोटाला नुसती उरलेली ऊब.
एकदा ओल्या पायांनी हात लावला आणि फेकली गेली.
तेव्हापासून पाटावर उभी राहायची,
लग्नातल्या नवरीसारखी,
बोटं पाण्यात बुडवून तळावर शिंपडायची,
चर्र झालं की मान हलवायची.

फुटक्या अभ्रकाचा तुकडा मी भूगोलाच्या पुस्तकात ठेवला.
नखानं सोलला की आत आणखी एक पान निघे,
त्याच्या आत आणखी एक.
संपेल म्हणून मी सोलणं सोडलं.

पुढे भिंतीत वेगळा पॉइंट आला.
पहिल्या संध्याकाळी आईनं प्लग लावला,
शर्ट पसरला,
आणि इस्त्री हातात धरून
वर दिव्याकडे बघत राहिली,
तो विझायची वाट बघत.