नमुना

सर्जेराव आवळ्यांच्या बँडच्या कोटाला पाच पितळी बटणं.
वरून दुसरं गांधीनगरच्या वरातीत गेलं,
क्लॅरिनेटला दम लावताना सुटलं म्हणे,
टण्णदिशी उडालं आणि घोडीच्या पायांत दिसेनासं झालं.
"शालनताई, रविवारी लगीन हाय, तेवढं बघा की."
बटणावर नांगर.
शेतातला न्हवं, जहाजाचा.

तसलं बटण मिळालं तर एकाच ठिकाणी,
पापाच्या तिकटीला, चपलांच्या दोन दुकानांच्या बेचक्यात,
दोन माणसं शिरली तर एकाला मागं सरावं लागतं.
पाटी: मणेर बटणवाले. फक्त बटणं.
त्यातलं 'फक्त' सगळ्यात मोठं.

दस्तगीर मणेर म्हणाले, "किती ग्रोस?"
एक.
"एक ग्रोस?"
एक बटण.
त्यांनी असं बघितलं
जसं मी गुजरीत जाऊन सोन्याचा नुसता वास मागितला होता.
"डझनाच्या खाली पेटी उघडत नाही."
मग डझन द्या.
"डझनभर नाहीत."

दुसऱ्या दिवशी चार दिली, पिवळीधमक, बारा रुपये.
दुकानातल्या ट्यूबखाली चांगली पितळी दिसली.
उन्हात आले, दाताखाली धरलं,
प्लास्टिक.
तशीच माघारी फिरले.
"घेताना डोळे कुठं होते?"
पैसे नाहीत, बदल्यात शर्टाची पांढरी चोवीस दिली.
पांढरी माझ्या घरी बिस्किटाच्या डब्यात किलोभर आहेत.
तरी घेतली. बारा रुपये म्हणजे बारा रुपये.

शुक्रवारी मी तिसऱ्यांदा उभी.
ते फोनवर कुणाच्या तरी जागेच्या भांडणात रंगलेले,
मला हातानंच थांब म्हणाले, पंधरा मिनिटं.
थांबून थांबून माणूस वर बघायला लागतो.
भिंतभर पेट्या, प्रत्येकीच्या तोंडावर
आतल्या मालाचं एकेक बटण टाचलेलं,
आणि वरून तिसऱ्या फळीवर, माळ्याच्या सावलीत,
नांगर.

"ती पेटी रिकामी आहे," ते म्हणाले.
पेटी नको. वरचं द्या.
"तो नमुना आहे."
आत काही नाही, मग नमुना कशाचा?
"तो काढला तर पेटीत काय आहे
ते गिऱ्हाईकाला कळायचं कसं?"
मी म्हटलं, पेटीत काही नाही, तेच तर कळायला पाहिजे.
शंभर देते.
त्यांनी काउंटरवरची धूळ पुसली, माझ्या कोपरापर्यंत आणून थांबवली.
"बाई, एकदा सांगितलं."
"ऱ्हाऊ द्या, जातो मी," म्हटलं, आणि आले.
त्यांच्याच शेजारच्या चपलवाल्यासमोर
आयुष्यात कुणाला घातली नाही अशी शिवी
मनात घातली. मोठ्यानं घालायला हवी होती.

शेवटी कोटाचं खालचं बटण उसवून वर लावलं,
खाली, पट्ट्याच्या आड, ब्लाउजचा हुक.
सर्जेरावांनी घालून बघितला, छाती फुगवली,
"एक नंबर!" म्हणाले, वीस रुपये दिले.
हुक दिसला नाही त्यांना.
मला मात्र रविवारी रात्री लांबून बँड ऐकू आला
तेव्हा तेवढा हुकच ऐकू येत होता.

सोमवारी एक पोरगी आली, कॉलेजची,
दारात टांगलेल्या ब्लाउजकडं बोट करून म्हणाली,
"काकू, हाच पाहिजे. मापाला बसतोय मला."
मी मशीनवरून मान न उचलता म्हटलं,
"तो नमुना आहे. विकायचा नाही."
"मग तसाच शिवून द्याल?"
"वेळ नाही."

ती गेल्यावर स्टुलावर चढून तो खाली काढला.
अस्तर पिवळं पडलेलं. पाठीला कापडाची अकरा गुंड्या-बटणं,
घाटाणे इतके बारीक
की चष्मा लावूनही टाके मोजता येईनात.
एकोणीस वर्षं झाली शिवून.
उलटा केला, सुलटा केला,
झटकला,
आणि पुन्हा तिथंच टांगला.