बाटली क्रमांक सात

कन्हान येऊन मिळते, तिथून कोसभर खाली
बिसन दिघोरेचा डोंगा बांधलेला असतो.
मी आम्लात धुतलेल्या बाटल्या घेऊन येतो.
तो म्हणतो, रिकाम्या बाटल्या एवढ्या जपणारा
पहिलाच मानूस पायला.

पाणी गाळायचं, नायट्रिकचे दोन थेंब,
टोपण, पेन्सिलनं तारीख.
तळाचा गाळ वेगळ्या पिशवीत.
चिमटीत घेतला तर नुसता तपकिरी, ओला.
त्यात लॅन्थॅनम आहे, सेरियम आहे, निओडिमियम.
दुर्मिळ म्हणतात त्यांना,
असतात मात्र प्रत्येक ओंजळीत, थोडेथोडे,
डोंगर झिजायला लागला तेव्हापासून
एकमेकांचा हात धरून चालत आलेले,
अंगणवाडीची पोरं रस्ता ओलांडतात तसे.

गाळाची रेघ म्हणून कागदावर शहाण्यासारखी येते.
पाण्याच्या रेघेत मधलाच एक
उठून उभा राहतो: गॅडोलिनियम.
त्याचा वरचा वाटा डोंगराचा नव्हे.
नागपुरात एमआरआयच्या आधी तो दंडात टोचतात.
डोक्यातलं, पोटातलं उजळून दाखवतो
आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लघवीवाटे निघतो,
नाल्यात, नागनदीत, कन्हानेत,
इथं.
शुद्धीकरण केंद्राला तो अडतच नाही.

हे मी बिसनला सांगायला नको होतं.

वल्हं मांडीवर घेऊन तो बराच वेळ बसला.
"भागरथाले बी टोचलं होतं. मेडिकलात.
थंडं लागते म्हने, खांद्यापर्यंत."

तीन वर्षं झाली, मी म्हटलं,
शहरात रोज कितीकांना टोचतात,
तिचं पाणी तर केव्हाच समुद्रात
"समोर धरन आहे ना," तो म्हणाला.
"गोसेचं."

मग विचारलं, किती असते?
मी मनात हिशेब केला. म्हटलं,
या एवढ्या डोहात चिमूटभर मीठ.
"तेवडीच रायली होती शेवटी."

सातवी बाटली त्यानं उन्हात धरली.
पाणीच होतं.
मी गाळणी पुसत होतो तेवढ्यात
त्यानं आत बोट बुडवलं,
चुलीवरचं दूध तापलं का पाहतात तसं,
आणि बाहेर काढून बोटाकडे पाहत राहिला.

बाटली बिघडली. वहीत लिहिलं: सात, बाद.
डोंग्याच्या काठावरून पाणी नदीत ओतायला लागलो
तर तो म्हणाला,
सावकास.