निरंक

रिपोर्टात तीन रकाने होते,
तिन्हींसमोर निगेटिव्ह.
एकतीस वर्षं परभणीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेली मी,
मला वाटलं, निरंक. सुटले.
बहिणीला फोनवर पेढे सांगून बसले.

डॉक्टर होळंबे म्हणाल्या, तसं नाही हो बाई.
औषध आत शिरायला तीन दारं असतात,
तुमच्या गाठीला एकही नाही.
आणि ती घाईत आहे.

मग केसपेपर उलटा करून
त्यांनी एक दोरा काढला, रिळावर गच्च गुंडाळलेला.
‘थांब’ सांगणारं अक्षर इथंच आहे म्हणाल्या,
खोडलेलं नाही, फाटलेलं नाही,
वर बारीक खुणा बसल्यात म्हणून कुणी वाचत नाही.
पेशी वाढत सुटते,
हुकूम पोचलाच नाही म्हणून.

मला फसली तेराशे सेहेचाळीसचा बस्ता आठवला.
लाल कापड, सात गाठी,
ओलीनं एकमेकांना धरून बसलेली उर्दू पानं.
नूरखाँ शिपाई ती चहाच्या किटलीच्या वाफेवर धरायचा.
बाई, कागद मेला नाही,
नुस्ता रुसलाय. ओढायचं नाही.
आणि हळूच सुटायची एक रेघ :
बांध कुठवर, ओढा कुणाचा.
दोन घरं साठ वर्षं कोर्टात,
आणि उत्तर आत पडून, सही-शिक्क्यानिशी.

तर हे औषध म्हणजे वाफ?

डॉक्टर हसल्या नाहीत.
वाफ कुठल्या पानाला लागेल
हे आम्हालाही अजून नीट कळत नाही.
काही बस्ते बांधलेलेच बरे असतात.
अभ्यास चालू आहे, केमोच्या जोडीनं द्यायचं.
सही तुमची.

हे मात्र पटलं मला.
नूरखाँच्या हातूनही एकदा भलतंच पान उघडलं होतं,
जिंतूरकडचं एक गाव वर्षभर पेटलेलं.

संमतिपत्र अकरा पानांचं.
बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली,
चौथ्या पानावर तारीख चुकली होती,
ती दुरुस्त करून घेतली, मग सही.

आता सकाळच्या बसनं संभाजीनगर.
जालना सुटलं की डोळा लागतो.
पोरीनं आणलेला स्कार्फ नेमका लाल,
मागची गाठ मी सैलच ठेवते.

शेजारच्या खाटेवरची अंबडची सून
सलाईनकडं बघत विचारते,
काय करायलंय वो ते आत?

वाचायलंय, मी म्हणते.
अक्षर लागलं तर बरं.