किल्ल्यावरचे भाडेकरू

खिडकीतली मुलगी विचारते, "ज्येष्ठ नागरिक?"
मी मान डोलावते.
सवलतीत सात युरो,
ज्या खोलीत मी जन्मले
तिथे आत जायचे.

गाइड लाल छत्री उंच धरून सांगतो आहे:
आधी लाकडाचं कुंपण होतं, मग दगड आले,
मग उमराव, मग त्यांच्याहून मोठे उमराव.
वारशात, तहात, कर्जाच्या बदल्यात
किल्ला या घरातून त्या घरात गेला,
लग्नातल्या एखाद्या मोठ्या पातेल्यासारखा,
ज्यात कुणी कधी काही शिजवलं नाही.

शिजवलं आम्ही.
बटाटे, आंबवलेला कोबी, रविवारी हाडांचं सूप.
भिंतीला धूर धरला
आणि आई म्हणाली, आता कुठे घर झालं.

"या झरोक्यांतून तोफा डोकावत," गाइड म्हणतो.
आमच्या वेळी काठ्या डोकावायच्या,
काठ्यांवर लोव्रोच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, विजारी.
साऱ्या ल्युब्ल्यानाला दिसायच्या.

मग तुरुंगाची गोष्ट येते. लोक थोडे पुढे सरकतात.
आमची खोली त्यातलीच एक,
दाराला कडी बाहेरून.
ज्या चौकोनी भोकातून कैद्याला पाव द्यायचे
त्यातून शेजारची अपोलोनिया मीठ मागायची.
बाप पिऊन आला की आई कडी लावायची
आणि मला घेऊन तिच्याकडे झोपायची.
तो आतून ओरडायचा, मी निर्दोष आहे.
या भिंतींनी हे वाक्य
कितव्यांदा ऐकलं असेल कोण जाणे.

म्हातारा ब्लाझ मनोऱ्याच्या पायथ्याशी राहायचा.
त्याचा आजा आगीचा पहारेकरी.
खाली कुठे धूर दिसला की तोफेचा बार काढायचा,
लोक झोपेतून उठून बादल्या घेऊन धावायचे.
ब्लाझ म्हणायचा,
ही तोफ शत्रूवर किती उडाली मला माहीत नाही,
शेजाऱ्याच्या छपरासाठी मात्र पुष्कळ.
गाइड ही गोष्ट सांगत नाही.
त्याला तलवारी उरकायच्या आहेत.

शाळेत बाईंनी विचारलं होतं, कुठे राहतेस?
किल्ल्यावर, म्हटलं.
परीकथेत असं म्हणणारीला मुकुट देतात.
मला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं, उवांमुळे.
शहराच्या डोक्यावर राहून
आम्ही शहराच्या तळाशी होतो.
पाणी खालून वर, कोळसा खालून वर,
टोमणे तर न आणताच वर यायचे.

मी सोळाची असताना नगरपालिकेचा ट्रक आला.
सरदारांनी किल्ला सोडला तेव्हा कर्णे वाजले असतील.
आमचं एक पलंग, दोन खुर्च्या, लोखंडी चूल,
आणि पिंजऱ्यातला ससा.
नव्या फ्लॅटमध्ये आईने नळ सोडला
आणि स्टुलावर बसून राहिली, ऐकत.
बाप म्हणाला, बिल येईल.
तिने बंद केला नाही.

आता त्या खोलीत काचेच्या पेटीत शिरस्त्राण आहे.
भिंत पांढरीशुभ्र.
माझी उंची पेन्सिलीने लिहिलेली होती,
या कोपऱ्यात, दर ईस्टरला एक रेघ.
चुन्यावरून बोट फिरवते,
रखवालदार घसा खाकरतो.

"काही प्रश्न?" गाइड विचारतो.
कडी कुठे आहे?
तो कागद चाळतो. "मूळ दार उपलब्ध नाही."

झरोक्याशी उभी राहते.
नदी, लाल कौलं, पूल, बाजारातल्या छत्र्या,
नदीपलीकडे राखाडी इमारतींची रांग.
तिसरा मजला, माझी गॅलरी,
आणि दोरीवर राहून गेलेली निळी चादर.
डोंगरांकडून ढग चालून येताहेत.

एवढ्या उंचावरून हाक कशी पोचणार.
तोफ असती तर
एक बार काढला असता.