भुईदाभण

कुदळ चार बोटं चुकली.
"वाचलं बिचारं," बायना येडगे म्हणाली.

गगनबावड्याच्या वर, धनगरवाड्याच्या अंगाला
नाचणीचा बांध नीट करताना तिनं ढेकूळ उलटं केलं
आणि आतून तुळतुळीत काळं काहीतरी
परत मातीत शिरू लागलं,
दाभणानं पोतं शिवावं तसं,
घाई नाही, आवाज नाही.

"भुईदाभण. चावत न्हाई. धरा की!"
तौफिक मुजावरनं धरलं.
ते त्याच्या बोटाला अंगठीसारखं वळलं
आणि टोकदार थोबाड
दोन बोटांच्या बेचक्यात खुपसून
जमीन शोधत राहिलं.

कुशीला पिवळे डाग,
हळदीचं बोट पुसल्यासारखे.
शेपूट मात्र शेपटासारखं नव्हतंच:
कुणी तिरकं छाटून
वर खापराचा तुकडा बसवलेला,
खापरावर काटे, काट्यांत माती,
जाताना मागची वाट बुजवायला
स्वतःच्याच टोकाला बाळगलेलं दार.

पुढचं मी वर्गात सांगत नाही.
औषधाचे थेंब किती,
शेवटचा श्वास कुठल्या मिनिटाला,
सगळं 'पद्धती' या मथळ्याखाली
एका ओळीत बसतं.

मग कोल्हापूर. कॉलेजची प्रयोगशाळा, रात्र.
पोटाखालचे खवले टाचणीच्या टोकानं मोजायचे,
मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत, एकही न गाळता.
खाली तालीम मंडळाचा माइक
चेक, वन टू, चेक, वन टू करत होता
आणि माझे आकडे त्यात विरघळत होते.
मी: एकशे सत्तेचाळीस.
तौफिक: एकशे अठ्ठेचाळीस.
पुन्हा.
तिसऱ्यांदा दोघांचेही एकशे सत्तेचाळीस आले.
पुस्तकातला याचा जवळचा भाऊबंद
एकशे एकतीसच्या वर जात नाही.
सोळा खवले.
एवढ्याशा अंतरावर उभं राहून
आम्ही गार झालेला चहा प्यायलो.

राजारामपुरीतला कुलभूषण मगदूम दातांचा डॉक्टर.
दाढेच्या मापाच्या फिल्मवर
त्यानं तुकड्यातुकड्यानं एक्स-रे काढून दिला, फुकट.
मणक्यांची माळ आली,
आणि माळेच्या आत आणखी चार माळा,
बारीक, वेटोळ्यात.
"ही कोण रे?" कुलभूषणनं विचारलं.
तौफिक बाहेर जाऊन गाडीवर बसला.
निबंधात आम्ही लिहिलं:
प्रौढ मादी. गर्भ, चार.

नाव ठरवायला परत वर गेलो.
"तुमचंच नाव द्यावं म्हणतोय, मावशी."
ती कुदळीवर रेलून हसली,
"सापाला? सासू आधीच काय कमी म्हणत हुती?
आन् ह्येला नाव हाय की.
सांगितलं न्हवं मी त्या दिशी?"
मग दाभणाला लॅटिनमध्ये काय म्हणतात
ते शोधण्यात तीन रात्री गेल्या.

परीक्षकाचं पत्र आलं: नमुना एकच का?
दोन पावसाळे आम्ही तिच्या बांधावर
आणि शेजारच्या सात बांधांवर ढेकळं उलटली.
गांडुळं. गोम. फुटक्या कौलाचे तुकडे.
बायनाचं बारा वर्षांपूर्वी हरवलेलं जोडवं,
ते तिनं पदराला पुसून लगेच बोटात घातलं.
दाभण नाही.
भुईनं मागचं दार लावून घेतलं होतं.

एकाच नमुन्यावर निबंध छापून आला.
ती आता बाटलीत आहे, उभी, अल्कोहोलात.
हळद आधी गेली, मग काळं करडं झालं.
आमच्या वर्णनातले रंग
आता फक्त आमच्या वर्णनात आहेत.
मानेला दोऱ्यानं क्रमांक बांधलाय.

शेपटीचं माप घ्यायचं तर
खापरावरची माती काढावी लागते,
मऊ ब्रशनं, थेंबाथेंबानं.
ती मी बेसिनमध्ये सोडली नाही.
कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी आहे खणात,
तिच्यात चिमूटभर असेल.
डबीवर अजून
काही लिहिलेलं नाही.